नाशिकमध्ये गरिबांसाठीची घरे शहराच्या कडेलाच का उभी राहतात? जमिनीवरील सवलतीविषयी एक प्रश्न

गोदाकाठचा (प्रश्न)

नमस्कार. मी घरकामगार महिलांच्या एका बचत गटाचे हिशेब पाहतो. गटातील बहुतेक जणी पेठ रोडवरील फुलेनगर, गंजमाळ आणि मल्हारखाण या वस्त्यांत राहतात आणि कॉलेज रोड, पंडित कॉलनी, गंगापूर रोड या भागांत धुणीभांडी व स्वयंपाकाची कामे करतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी अर्ज भरायला बसलो, तेव्हा घर केवढे असेल, हप्ता किती पडेल हे प्रश्न मागून आले. घर कुठे असेल, हे सगळ्यांना आधी हवे होते.

त्यामागचे कारण समजायला एकीचा दिवस पुरेसा आहे. सकाळी साडेसहाला पहिले घर, त्यानंतर आणखी दोन घरे, अकराच्या सुमारास परत येऊन मुलाला जेवू घालून शाळेत पोहोचवायचे आणि दुपारी पुन्हा दोन घरांचा स्वयंपाक. हे सारे चालत किंवा एका बसने जमते. तेच घर आडगावच्या पुढे किंवा पाथर्डी फाट्याच्या पलीकडे मिळाले, तर दोन बस बदलाव्या लागतात, मधल्या वेळी घरी येणे बंद होते आणि दुपारची कामे सुटतात. म्हणजे घर पक्के होते आणि मिळकत निम्मी होते. अशा घराला नकार देणारी बाई सरकारी कागदावर मात्र 'लाभार्थी इच्छुक नाही' अशी नोंदली जाते.

माझा प्रश्न असा आहे. सरकार घरामागे अनुदान देते, शासकीय जमीन नाममात्र किंवा सवलतीच्या दराने देते, विकासकाला वाढीव चटई निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) देते. एवढे सगळे देऊनही ही घरे जिथे काम आहे तिथे का उभी राहत नाहीत? मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचा नियम आहे, असेही ऐकतो. ती घरे नेमकी कुठे आहेत? आणि याच शहरात सिडकोने कामगारांसाठी वसवलेला एवढा मोठा भाग चांगला नांदतो आहे, तर तेव्हा काय वेगळे घडले होते? या विषयाची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आराखडा (उत्तर)

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी नगररचनेच्या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे लांबण लागेल, ते चालवून घ्यावे.

आधी अनुदानाची रचना पाहू. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतील परवडणाऱ्या घरांसाठी केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाचे एक लाख, असे मिळून घरामागे अडीच लाख रुपये मिळतात. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातही हा मूळ साचा कायम आहे. ही रक्कम घरामागे ठरलेली असते. घर गंगापूर रोडला बांधा किंवा शहराच्या हद्दीवर बांधा, अडीच लाखांचे अडीच लाखच राहतात.

आता उदाहरणापुरते आकडे धरू. ३० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या घराला भिंती, जिना, व्हरांडा धरून साधारण ४५ चौरस मीटर बांधकाम लागते. चटई निर्देशांक १ धरला तर तेवढीच जमीन लागली. हद्दीवरील जमीन ५,००० रुपये चौरस मीटर धरली, तर एका घराच्या वाट्याला सव्वादोन लाखांची जमीन येते आणि अनुदानातून ती भागते. हीच जमीन मध्यवर्ती भागात ४०,००० रुपये दराची असेल, तर एका घरामागे जमिनीलाच १८ लाख लागतात. निर्देशांक वाढवून अडीच केला तरी सव्वासात लाखांच्या आसपास खर्च उरतोच. ज्याला प्रकल्पाचा हिशेब जुळवायचा आहे, तो अधिकारी असो की विकासक, स्वस्त जमिनीकडेच जाणार. त्यात कोणाची दुष्ट बुद्धी शोधण्याची गरज नाही. ठोक अनुदानाचे गणितच त्याला तिकडे नेते.

नियमांनीही ही दिशा पक्की केली. आवास योजनेतील प्रकल्पांना आपल्या राज्यात शेती किंवा हरित पट्ट्यातही १ चटई निर्देशांकाने परवानगी मिळते. हेतू जमीन उपलब्ध करण्याचा होता, परंतु जिथे रस्ता, पाणी, मलनिस्सारण आणि बस यांपैकी काहीच पोहोचलेले नाही, तिथेच घरे बांधायला त्यातून उत्तेजन मिळाले.

शासकीय जमिनीचे म्हणाल, तर तिथे आणखी एक अडचण आहे. सवलतीने दिलेल्या जमिनीची किंमत प्रकल्पाच्या ताळेबंदात दिसतच नाही, त्यामुळे ती जमीन योग्य जागी आहे का, हा प्रश्न बैठकीत निघत नाही. 'जागा उपलब्ध आहे' एवढ्यावर ठराव होतो. पुढे तिथपर्यंत जलवाहिनी, पथदिवे आणि बस नेण्याचा खर्च महापालिकेच्या दुसऱ्या लेखाशीर्षातून वर्षानुवर्षे होत राहतो आणि प्रवासाचा खर्च रहिवासी भरतात. मध्यवर्ती भागातील शासकीय जमिनींवर मात्र कार्यालये, निवासस्थाने, संकुले यांचा दावा आधी लागतो. शहरालगतच्या गावांची गायराने हा एकेकाळचा सोपा मार्ग होता, पण सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने काढलेल्या शासन निर्णयानंतर तोही बराच आवळला गेला आहे, आणि ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

खासगी जमीन संपादित करायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारमूल्य अधिक तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात. विकास आराखड्यात आरक्षण टाकून ठेवले आणि संपादन केले नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली दहा वर्षांनंतर मालक खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी नोटीस) देतो आणि चोवीस महिन्यांत पाऊल न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नाशिकचा सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे ती दहा वर्षे कधी भरतात हे आपण मोजू शकता.

सिडकोविषयी. सत्तरच्या दशकात सिडकोने अंबड, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे या गावांच्या शेतजमिनी घेऊन सहा योजनांत घरे बांधली, तेव्हा तो भाग शहराच्या कडेलाच होता. गावाबाहेर म्हणून नावे ठेवणारेही होते. पण सातपूरची औद्योगिक वसाहत जवळ होती आणि अंबडची शेजारीच उभी राहत होती; कामगार सायकलवर पाळी गाठू शकत होता. शिवाय जमीन महाग होण्याआधी घेतलेली होती, घर एका-दोन खोल्यांचे आणि जमिनीलगत होते, मागे-पुढे थोडी मोकळी जागा होती आणि ज्याच्या हाती पैसा आला त्याने वर मजला चढवला. पवननगर, उत्तमनगर किंवा त्रिमूर्ती चौकाच्या गल्ल्यांतून चालताना एका रांगेत एकमजली, दुमजली आणि तिमजली अशी तीन पिढ्यांची घरे दिसतात. त्यातली बरीच वाढीव बांधकामे नियमबाह्य आहेत आणि भाडेपट्ट्याच्या जमिनीचे प्रश्न नंतर वर्षानुवर्षे भिजत पडले, हेही खरे. तरीही वसाहत टिकली, कारण काम हाताशी होते. म्हणून आपल्या शीर्षकात मी किंचित बदल सुचवतो: कडेला असणे हा दोष गौण आहे, कामापासून तुटणे हा मुख्य आहे.

चार_गुंठे (उत्तर)

आराखडा सरांनी अनुदानाचे गणित मांडले, मी २० टक्क्यांच्या नियमाची बाजू मांडतो. मी लहान बांधकाम व्यावसायिक आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या चष्म्यातून वाचले गेले तरी हरकत नाही.

नोव्हेंबर २०१३ च्या अधिसूचनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर अभिन्यास (लेआउट) किंवा गृहप्रकल्प करताना २० टक्के भूखंड अथवा मूळ निर्देशांकाच्या २० टक्के बांधकाम दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी द्यावे लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद आहे. घरे ३० ते ५० चौरस मीटरची असतात, पूर्ण झाल्यावर म्हाडाला कळवायचे आणि म्हाडा सोडतीने लाभार्थी ठरवते. किमतीत जमिनीचा भाव धरता येत नाही. रेडी रेकनरमधील (सरकारी दरपत्रकातील) बांधकाम दर अधिक २५ टक्के एवढेच मिळते. मोबदला म्हणून हे बांधकाम निर्देशांकात मोजले जात नाही. सवलतीचा हा प्रकार असा आहे, की ज्यात सरकारच्या खिशातून रोख पैसा न जाता घर महाग जमिनीवर उभे राहते.

आता ती घरे आहेत कुठे? म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीची जाहिरात उघडली तर गंगापूर शिवार, पाथर्डी शिवार, म्हसरूळ शिवार, आगरटाकळी शिवार अशी ठिकाणे दिसतात. म्हणजे काही घरे खरोखर चांगल्या ठिकाणी आहेत. संख्या मात्र व्हायला हवी तेवढी नाही. या घरांचा हिशेब नीट दिला गेला नाही, यावरून २०२२ मध्ये नाशिकचे नाव विधान परिषदेपर्यंत गाजले होते, हे अनेकांना आठवत असेल.

चुकवेगिरी होते, हे मी नाकारत नाही. ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर, आपल्या भाषेत चाळीस गुंठ्यांना थोडे कमी. एका सर्व्हे नंबरचे अडतीस-अडतीस गुंठ्यांचे दोन तुकडे करून दोन वेगळे अभिन्यास मंजूर करून घेतले की नियम लागत नाही. परंतु सगळे छोटे भूखंड अशा हिकमतीचे नसतात. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडील मळ्यांत भावाभावांच्या वाटण्या होऊन पंधरा-वीस गुंठ्यांचेच सातबारे उरले आहेत. जमिनीचा मालकच एवढा लहान असेल तर विकासकाने एकर आणायचा कुठून?

दुसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही. बारा मजली इमारतीत लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च घरटी अडीच-तीन हजार येतो. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे, त्याने तो कसा भरायचा? म्हणून आम्ही वेगळी, चार मजली, साधी इमारत बांधतो आणि मग 'गरिबांना बाजूला टाकले' म्हणून बोलणी खातो. माझ्या मते त्याच आवारात वेगळी इमारत असण्यात काही गैर नाही. बस, शाळा, दवाखाना आणि कामाची घरे तिलाही तेवढीच जवळ पडतात.

तिसरा_मजला (उत्तर)

मी नदीकाठच्या वस्तीतून उठून शहराच्या कडेच्या एका घरकुल वसाहतीत राहायला आलेली आहे. वसाहतीचे नाव लिहीत नाही.

आमचे स्वतःचे बरे चालले आहे, कारण माझे पती अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर आहेत आणि त्यांना आता कामावर जायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो. समोरच्या दारात मात्र नेमके उलट झाले. ते भाऊ पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. भाजीच्या गाड्या पहाटे लागतात, तेव्हा बस नसते आणि रिक्षा परवडत नाही. त्यामुळे ते बहुतेक रात्री यार्डातच गोणपाटावर झोपतात आणि सवड मिळेल तसे घरी येतात. वहिनींची जुन्या वस्तीजवळची धुण्याची कामे सुटली, इथे आसपास कामाला बोलावणारी बंगल्यांची वस्तीच नाही. शेवटी त्यांनी घर भाड्याने दिले आणि जुन्या वस्तीत पत्र्याची खोली भाड्याने घेतली. लोक म्हणतात, 'फुकट घर मिळाले आणि धंदा मांडला.' त्यांनी धंदा मांडलेला नाही. इकडचे भाडे घेऊन तिकडचे भाडे भरतात, एवढेच.

असे झाले की इमारतीचे काय होते, तेही सांगते. आमच्या जिन्यातील निम्म्याहून अधिक घरांत आता भाडेकरू आहेत. पाण्याच्या मोटारीचे वीजबिल सर्वांनी वाटून भरायचे असते. भाडेकरू म्हणतो मालक भरेल, मालक फोन उचलत नाही, आणि बिल थकून वीज तोडली की तिसऱ्या मजल्यावर हंड्याने पाणी चढवावे लागते. घर ठरावीक मुदतीपर्यंत विकायचे नाही अशी अट आहे, तरी स्टॅम्पपेपरवर व्यवहार होतात, आणि त्या नव्या माणसाचे नाव कशावरच नसल्याने सोसायटी नोंदवायला सह्या पुऱ्या होत नाहीत. संबंधित कार्यालयात गेलो तर 'तुमची सोसायटी कुठे आहे?' असे विचारतात.

चार गुंठे यांनी सांगितलेली साधी चार मजली इमारत आम्हांला आनंदाने चालेल. वेगळी आहे म्हणून आम्ही रागावणार नाही. ती मार्केट यार्डापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, इतकेच.

आराखडा (उत्तर)

ताई, आपण लिहिलेले अनुभव इतरत्रही मोजून पाहिले गेले आहेत. अहमदाबादमध्ये १९८७ साली विडी कामगार महिलांसाठी घरांची सोडत निघाली होती. वसाहत शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर होती. अर्थशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांनंतर पाहिले, तेव्हा सोडतीत नाव लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुटुंबे तिथे राहायलाच गेली नव्हती आणि जवळपास तेवढीच जाऊन परत आली होती. घर चांगले असूनही उत्पन्नात किंवा मुलांच्या भवितव्यात फरक आढळला नाही; नातेवाइकांचा आणि जातभाईंचा आधार मात्र तुटला. विड्या तर घरीच वळायच्या असतात, म्हणजे रोजच्या प्रवासाची अडचण तुलनेने कमी असूनही असे घडले.

याच्या शेजारी सोलापूरचे उदाहरण ठेवावेसे वाटते. कुंभारी येथे विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली आणि त्यानंतर त्याच भागात तीस हजार घरांचे रे नगर आले, ज्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतर जानेवारी २०२४ मध्ये झाले. तेही शहराबाहेरच आहे आणि पाणी व वाहतुकीच्या अडचणी तिथे नाहीत असे नाही. पण तिथे कामगारांनी स्वतःच्या संघटनेमार्फत, हजारोंच्या संख्येने, एकत्र जाण्याचा निर्णय घेतला. शेजार आणि विड्यांचे काम त्यांच्याबरोबरच गेले. सोडतीने एकेकट्या कुटुंबाला उचलून नेण्यापेक्षा हे फार निराळे आहे. नाशिकच्या घरकामगारांना किंवा हमालांना तेवढी मोकळीक नाही, कारण कॉलेज रोडवरचे स्वयंपाकघर किंवा यार्डातला लिलाव त्यांच्यामागून जाऊ शकत नाही.

गोदाकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग आमच्यासारख्या गटाने मागणी नेमकी कशाची करावी? 'जवळ घर द्या' असे निवेदन आम्ही पूर्वी दिले होते, त्यावर फक्त पोहोच मिळाली.

आराखडा (उत्तर)

निवेदनात सर्व्हे नंबर नसेल तर उत्तर देणाऱ्याला काहीच करावे लागत नाही, म्हणून मागणी जागेसह करावी.

एक, मंजूर विकास आराखड्याच्या भागनकाशांतून बेघरांसाठी किंवा दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षित असलेल्या, अद्याप ताब्यात न आलेल्या जागांची यादी काढावी. कलम १२७ ची घड्याळे सुरू होण्याआधी त्यांतील दोन-तीन जागांसाठी अंदाजपत्रकात तरतूद मागावी. सगळ्याच जागा मागितल्या तर एकही मिळत नाही, हा माझ्या नोकरीतील अनुभव आहे.

दोन, २० टक्क्यांच्या नियमाखाली आलेल्या परवानग्यांची यादी माहिती अधिकारात मागवावी. अर्जात फक्त 'यादी द्यावी' असे न लिहिता, अभिन्यास क्रमांक, एकूण क्षेत्र, राखीव घरांची संख्या, भोगवटा दाखल्याची तारीख आणि म्हाडाला कळवल्याची तारीख असे स्तंभ आखून द्यावेत. शेवटच्या दोन तारखांमधील अंतरातच बरेच काही कळते. शेजारी-शेजारी मंजूर झालेले, एकाच मूळ सर्व्हे नंबरचे अभिन्यासही त्यात लगेच डोळ्यांत भरतात. चार गुंठे यांनी सांगितलेली खरी वाटणी आणि परवानगीच्या तोंडावर केलेली वाटणी यांत फेरफाराच्या, म्हणजे मालकी बदलाच्या सरकारी नोंदीच्या, तारखेवरून फरक करता येतो.

तीन, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते, नगररचना परियोजनांकडे लक्ष ठेवावे. वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये परियोजनेच्या क्षेत्रापैकी सुमारे दहा टक्क्यांपर्यंत जमीन सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांच्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. यात संपादनाचा रोख पैसा लागत नाही. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करून पुन्हा आखणी करताना ती जमीन बाजूला निघते. मखमलाबाद आणि हनुमानवाडी परिसरात स्मार्ट सिटीच्या निमित्ताने अशी परियोजना आखली गेली होती आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ती अडली. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, कारण कोणाला किती अंतिम भूखंड मिळणार हे त्यांना वेळेवर आणि विश्वास बसेल अशा रीतीने सांगितले गेले नाही. पण त्या वादात घरांसाठीच्या त्या दहा टक्क्यांच्या बाजूने बोलायला फुलेनगरचे कोणी नव्हते, आणि मखमलाबाद फुलेनगरपासून किती जवळ आहे हे आपल्याला सांगायला नको.

पुढे कोणत्याही परियोजनेचा प्रारूप मसुदा प्रसिद्ध झाला, तर हरकती व सूचनांसाठी तीस दिवस असतात. हरकत फक्त जमीनमालकानेच घ्यायची असते, असा गैरसमज आहे. गटातील महिलांनी स्वतःच्या सहीने सूचना द्यावी, दुर्बल घटकांचा भूखंड मुख्य रस्त्यालगत व बसमार्गावर असावा असे भूखंड क्रमांकासह लिहावे आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. मसुद्यात हा भूखंड बहुधा नाल्याकडच्या किंवा सर्वांत आतल्या कोपऱ्यात दाखवलेला असतो. नकाशावर त्याची जागा त्याच टप्प्यात बदलून घेता येते. एकदा परियोजना अंतिम झाली की नाही.